हनोई ते सायगाव रेल्वेनं: १,७२६ किलोमीटर चार टप्प्यांत कसे करायचे, घरातल्या मोठ्या माणसांना घेऊन

सांगलीतून व्हिएतनामला जाणारे आता बरेच झालेत, आमच्या कॉलनीतलीच तीन घरं जाऊन आली. पण सगळ्यांचं ठरलेलं असतं, हनोई बघायचं, विमानानं दानांग, परत विमानानं सायगाव, की घरी. मधला देश खिडकीतनं सुद्धा बघितलेला नसतो. आम्ही गेल्या मार्चच्या शेवटी गेलो, मी, बायको आणि आबा, आणि वरनं खाली अख्खा देश रेल्वेनं उतरलो. आबांची तासगाव तालुक्यात द्राक्षबाग आहे, त्यामुळं माल उतरल्यावर आणि खरड छाटणीच्या आधी जे दोन आठवडे मिळतात तेवढेच आमच्या हातात होते. आल्यापासनं लोक फोन करून एकच विचारतात, तिकीट कसं काढलं, जेवायचं काय केलं, म्हाताऱ्या माणसाला झेपतं का. म्हणून सगळं एकदाच सविस्तर लिहितोय.

आधी दोन गोष्टी सांगतो, बाकी काही लक्षात नाही राहिलं तरी चालेल. एक म्हणजे हा प्रवास एका दमात करू नका. सरळ गाडीत बसून राहिलात तर तीस-पस्तीस तास लागतात आणि अर्धा देश अंधारात जातो. दुसरं म्हणजे न्या चांग ते सायगाव हा शेवटचा टप्पा लोक कंटाळून विमानानं करतात, तो सोडू नका, आपल्या भागातल्या माणसानं तर अजिबात नको. का ते पुढं येईलच.

रेल्वेविषयी थोडं

ही लाईन फ्रेंचांनी बांधली, टप्प्याटप्प्यानं काम चालत १९३६ ला पूर्ण झाली. १९५४ ला देशाचे दोन तुकडे झाले तशी रेल्वेपण तुटली, मग युद्धात पूल उडवले, परत बांधले, परत उडवले. युद्ध संपलं १९७५ ला आणि ३१ डिसेंबर १९७६ ला उत्तर-दक्षिण गाडी परत सुरू झाली, म्हणजे दीड वर्षाच्या आसपास त्या लोकांनी हजारावर पूल उभे केले. म्हणूनच परदेशी लोक हिला रीयुनिफिकेशन एक्सप्रेस म्हणतात. तिकिटावर मात्र हे नाव शोधू नका, तिथं नुसतं एसई आणि पुढं नंबर असतो. हनोईकडनं खाली येणाऱ्या गाड्या विषम, एसई १, ३, ५, ७ आणि सायगावकडनं वर जाणाऱ्या सम. एवढं पाठ ठेवलं की उलट्या दिशेचं तिकीट निघत नाही.

अजून एक, ही लाईन अजून मीटरगेज आहे. आबा हनोई स्टेशनात रूळ बघून तिथंच थांबले. मिरज जंक्शनला एकेकाळी ब्रॉडगेज, मीटरगेज, नॅरोगेज तिन्ही होत्या, आबा लहानपणी मिरजेहून बेळगावला मीटरगेजनं जायचे, त्यांना तो डब्याचा हेलकावा बरोबर आठवत होता. म्हणाले, "पोरा, ही गाडी डुलणार बघ रात्रभर." आणि डुललीच. ज्यांना गाडी लागते त्यांनी गोळी जवळ ठेवा आणि शक्यतो डब्याच्या मधला कंपार्टमेंट घ्या, चाकांवरचा आणि टॉयलेटशेजारचा नको.

कधी जायचं

देश लांबलचक आहे त्यामुळं एकाच दिवशी वर स्वेटर आणि खाली घाम असं होतं. मार्चमध्ये हनोईत बारीक रिमझिम आणि गारठा होता, सायगावला रखरखीत ऊन. फेब्रुवारी शेवट ते एप्रिल हा काळ पूर्ण लाईनसाठी चांगला. ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये मधल्या पट्ट्यात, म्हणजे ह्युए दानांगच्या बाजूला, वादळं आणि पूर येतात, गाड्या अडकतात, आपल्याकडच्या लोकांना दिवाळीची सुट्टी असते म्हणून तेव्हाच जायचं सुचतं पण टाळा. आणि तेत, म्हणजे त्यांचं नवीन वर्ष, जानेवारी शेवट ते फेब्रुवारी मध्य याच्या आसपास येतं. त्याच्या आधी-नंतर सगळा देश गावाकडं निघालेला असतो, आपल्याकडं गणपतीत कोकणच्या गाड्यांचं होतं तसंच. त्यात परदेशी माणसानं पडू नये.

व्हिसा आणि विमान

विमान मल्टी-सिटी काढा, मुंबई ते हनोई जाताना आणि सायगाव ते मुंबई येताना. रिटर्न हनोईचंच काढलंत तर परत वर जायचा खर्च आणि दिवस वाया. मुंबईपर्यंत आम्ही महालक्ष्मीनं गेलो, सकाळी उतरून पुढचं विमान.

व्हिसा ऑनलाईन मिळतो, ई-व्हिसा, सिंगल एंट्रीला २५ डॉलर आणि ९० दिवसांपर्यंत राहता येतं. सरकारी साईटचा पत्ता जीओव्ही डॉट व्हीएन असा संपतो, सर्चमध्ये वर दिसणाऱ्या बऱ्याचशा साईट एजंटांच्या असतात आणि दुप्पट-तिप्पट घेतात, तेवढं बघून भरा. फॉर्ममध्ये कुठनं आत येणार आणि कुठनं बाहेर पडणार ते विचारतात, तिथं आत हनोईचं विमानतळ आणि बाहेर हो ची मिन्ह सिटीचं. सायगाव म्हणजेच हो ची मिन्ह सिटी, स्टेशनचं नाव मात्र अजून सायगावच आहे, तिकीट शोधताना घोळ होऊ देऊ नका. आपली नावं लांब, वडिलांचं नाव मध्ये, त्यामुळं पासपोर्टवर जसं आहे अगदी तसंच व्हिसावर, विमानावर आणि रेल्वे तिकिटावर टाका. एक अक्षर चुकलं तरी व्हिसा परत काढावा लागतो, म्हणून पैसे भरायच्या आधी दुसऱ्या कुणाकडनं तरी वाचून घ्या, आपलं आपल्याला चुकलेलं दिसत नाही.

तिकीट, डबा, बर्थ

रेल्वेची स्वतःची साईट आहे, डीएसव्हीएन डॉट व्हीएन, इंग्रजी पान आहे. आमचं कार्ड पहिल्यांदा घेतलं नाही कारण बँकेच्या ॲपमध्ये परदेशी व्यवहार बंद होते, ते चालू केल्यावर झालं. हे काम सांगलीतच बसून करा, ओटीपीसाठी आपलं सिम चालू पाहिजे. प्रत्येक तिकिटाला पासपोर्ट नंबर लागतो, मेलवर क्यूआर कोडवालं तिकीट येतं. आम्ही महिनाभर आधी काढली, तीन खालचे-वरचे जवळजवळ पाहिजे असतील तर एवढं आधी लागतंच.

डबे चार प्रकारचे. लाकडी बाकडं, गादीची एसी खुर्ची, सहा बर्थचा कंपार्टमेंट आणि चार बर्थचा कंपार्टमेंट. लाकडी बाकावर लांब जाऊ नका. दिवसाच्या तीन-चार तासांना एसी खुर्ची छान, रात्रीला चार बर्थचा. सहा बर्थमध्ये सगळ्यात वरचा बर्थ म्हणजे छताला नाक लागतं, बसता येतच नाही.

आता बर्थचं नीट ऐका कारण आमचं इथंच चुकलं होतं. तिकिटावर टी आणि पुढं आकडा असतो, टी १ म्हणजे खालचा, टी २ त्याच्यावरचा, टी ३ म्हणजे सहा बर्थवाल्यात सगळ्यात वरचा. खालचा महाग, वर जाल तसा स्वस्त. ह्युएला जायची रात्रीची तिकिटं आम्ही एका एजंटकडनं काढली होती, त्याला तीनदा सांगितलं होतं की आबांचे गुडघे दुखतात, खालचा पाहिजे. त्यानं सहा बर्थमधला टी ३ काढून ठेवला आणि आम्हाला ते गाडीत चढल्यावर कळलं. वर चढायला शिडी नसते, भिंतीला बिजागरीची छोटी पायरी असते, पाऊल टाकायचं आणि हातानं ओढून वर जायचं. खालच्या बर्थवर एक पन्नाशीच्या बाई होत्या, त्यांनी आबांच्या गुडघ्याकडं बघितलं, काही न बोलता आपली उशी उचलली आणि वर चढून गेल्या. सकाळी बायकोनं त्यांना तासगावच्या बेदाण्याचं पाकीट दिलं तर त्यांनी सगळ्या कंपार्टमेंटला वाटलं. बाकीच्या टप्प्यांची सगळी तिकिटं मी स्वतः काढली होती.

तिकिटावर बाकी शब्द व्हिएतनामीत असतात, पण चारच कामाचे. गा म्हणजे स्टेशन, ताऊ म्हणजे गाडी, तोआ म्हणजे डबा, आणि चो म्हणजे तुमची जागा. तारीख आपल्यासारखीच आधी दिवस मग महिना. मध्यरात्रीनंतर सुटणारी गाडी असेल तर तारीख दोनदा बघा.

भाडं बघून पहिल्यांदा दचकायला होतं, हनोई ते सायगाव बर्थचं तिकीट दहा लाखांच्या पुढं जातं. ते डोंग आहेत. साधारण ३०० डोंगला एक रुपया धरा, म्हणजे एक लाख डोंग हे आपले सव्वातीनशे-साडेतीनशे रुपये. नोटांमध्ये एकच सांभाळा, वीस हजाराची नोट निळी आणि पाच लाखाचीपण निळसर, संध्याकाळी कमी उजेडात सारख्याच दिसतात. आम्ही पाच लाखाच्या नोटा पाकिटात ठेवल्याच नाहीत, वेगळ्या चेनच्या कप्प्यात ठेवल्या.

बॅगेत काय

भडंग. हे पहिलं. हलकं, टिकतं, आणि कंपार्टमेंटमध्ये ओळख करून द्यायला यासारखं दुसरं काही नाही, फक्त कमी तिखटाचं एक पाकीट वेगळं ठेवा. धपाटे तीन दिवस टिकले. शेंगदाण्याची चटणी, बेदाणे, एक छोटा स्टीलचा डबा आणि मोठा स्टीलचा मग. मग का, तर प्रत्येक डब्याच्या टोकाला उकळत्या पाण्याचा नळ असतो, चोवीस तास. त्या पाण्यात चहा होतो, कपातले नूडल्स होतात, इन्स्टंट उपमा पोहे होतात. आबांचा सकाळचा चहा चुकला नाही एक दिवस, पावडरवाला चहा घरनंच नेला होता.

टॉयलेट पेपर आणि ओले रुमाल जवळ ठेवा, स्लीपर चप्पल ठेवा, पातळ चादर आणि आबांसारखं कुणी असेल तर कानटोपी, एसी जोरात असतो. बॅग मोठी एकच नको, माणशी एक मध्यम बरी, कारण बऱ्याच स्टेशनांवर प्लॅटफॉर्म रुळाच्या जवळपास सपाटीला असतो आणि डब्यात दोन-तीन उंच पायऱ्या चढून जावं लागतं. आम्ही आधी एकजण वर, मग बॅगा, मग आबा, मग दुसरा, असा क्रम ठरवून ठेवला होता.

पहिला टप्पा: हनोई ते ह्युए, ६८८ किलोमीटर, रात्र

हा रात्रीत काढायचा. संध्याकाळी सातनंतर सुटणाऱ्या गाड्या आहेत, त्या पकडल्या की सकाळी ह्युए. साधारण तेरा तास. वेळा मधनं मधनं बदलतात, तिकीट काढताना साईटवर दिसतात त्याच धरा.

हनोई स्टेशनला दोन बाजूंनी दारं आहेत, मुख्य दार ले झुआन रस्त्यावर, १२० नंबर. ग्रॅब ॲपवर गाडी बोलावताना तेच टाका. पाऊण तास आधी पोचा. आत गेल्यावर पासपोर्ट आणि क्यूआर कोड बघतात, मोबाईलची बॅटरी गेली तर पंचाईत, म्हणून आम्ही सगळी तिकिटं सांगलीतच प्रिंट करून नेली होती.

ज्यांना वाटेत उतरायचंय त्यांच्यासाठी, निन्ह बिन्ह ११५ किलोमीटरवर आहे, भाताच्या शेतात उभे चुनखडीचे डोंगर, आणि डोंग होई ५२२ वर, तिथनं फोंग न्याच्या गुहांना जातात. आम्हाला दिवस नव्हते.

पहाटे जाग आली की खिडकीशी बसा. हनोईकडचा दाट गावांचा भाग संपलेला असतो, भाताची शेतं, मध्येच शेतातच थडगी, म्हशी, पाण्यात उभ्या बायका. डोंग हाच्या अलीकडं बेन हाई नदी लागते. याच नदीवर १९५४ नंतर देशाची फाळणी होती, अलीकडं उत्तर पलीकडं दक्षिण. गाडी एका मिनिटात पार होते. मी आबांना आधीच सांगून ठेवलं होतं, मोबाईलचा नकाशा उघडून वाट बघत बसलो, नाहीतर कळतसुद्धा नाही. त्या बाई वरच्या बर्थवरनं उतरून आमच्याशेजारी येऊन बसल्या आणि त्यापण गप्प बाहेर बघत होत्या.

ह्युए ही न्गुयेन राजांची राजधानी, १८०२ ते १९४५. दोन रात्री द्या. राजवाडा मोठा आहे, आत खूप चालावं लागतं, वयस्कर माणूस असेल तर सकाळी लवकर जा.

दुसरा टप्पा: ह्युए ते दानांग, १०३ किलोमीटर, दिवसाच

सगळ्या लाईनमधला हा सगळ्यात देखणा भाग. अडीच-तीन तासच लागतात पण काहीही झालं तरी उजेडात करायचा. खाली जाताना समुद्र डाव्या हाताला. खुर्चीचं तिकीट काढत असाल तर डावीकडची खिडकी घ्या, आणि मिळाली नाही तरी दोन डब्यांच्या मधल्या दारापाशी उभं राहून दिसतं. २०२४ पासनं या तुकड्यासाठी मुद्दाम पर्यटकांची गाडीपण सुरू झालीय, तीपण बघा.

लांग कोची खाडी गेली की हाय व्हान घाट. रस्त्याचा घाट वरनं ४९६ मीटरवरनं जातो, रेल्वे मात्र वर चढत नाही, डोंगराच्या पोटाला धरून समुद्राच्या अंगानं वळत जाते, बोगदा, मग एकदम निळं पाणी, परत बोगदा. चढाला मागनं दुसरं इंजिन लावतात. आपल्या पुणे-मिरज लाईनला आदर्कीच्या वळणावर मागचे डबे खिडकीतनं दिसतात ना, तसंच इथं गाडीची शेपटी दिसते, फक्त खाली दरीच्या जागी समुद्र. व्हिडिओ एक-दोन काढा आणि मोबाईल खिशात ठेवा.

दानांगला एक गोष्ट होते ती आधी माहीत असू दे. तिथं गाडी उलटी फिरते, इंजिन दुसऱ्या टोकाला लागतं. म्हणजे पुढच्या प्रवासात डावी-उजवी बाजू बदललेली असते आणि लोक गोंधळतात की गाडी परत चाललीय.

होई आनला रेल्वे नाही. दानांगला उतरून ग्रॅबनं जायचं, तीसेक किलोमीटर. आम्ही तिथं तीन रात्री राहिलो आणि एक सकाळ ‘मी सन’ नावाच्या ठिकाणासाठी ठेवली. चंपा म्हणजे या भागातलं जुनं राज्य, त्याच्या राजांनी बांधलेली शिवमंदिरं, चौथ्या शतकापासनं तेराव्यापर्यंतची, विटांची. बरीच युद्धात बॉम्बनं पडली. आपल्या भारतीय पुरातत्त्व खात्याच्या लोकांनी तिथं दुरुस्तीचं काम केलंय. आबांनी चप्पल काढून लिंगाला हात जोडले तर शेजारचा गाईड त्याच्या ग्रुपला थांबवून आमच्याकडं दाखवून काहीतरी सांगत होता.

जेवणाचं, शाकाहारी लोकांसाठी

आबा माळकरी. त्यामुळं हा प्रश्न आमच्यासाठी मोठा होता. शाकाहारीला तिथं चाय म्हणतात. आणि चहाला चा. दोन्ही शब्द आपल्याला पाठ करायला नकोत, पण अर्थ उलटे-सुलटे आहेत हे लक्षात ठेवा. शिवाय चा हाच उच्चार जरा वेगळ्या सुरात केला की मांसाच्या वड्या असा अर्थ होतो, त्यामुळं बोलून थांबू नका, मोबाईलवर त्यांच्या लिपीत लिहून दाखवा. मी एका कागदावर भाषांतर करून घेतलं होतं, मांस नको, मासे नको, माशाचं सॉस नको. हे शेवटचं महत्त्वाचं, माशाचं सॉस, न्युओक माम, ते साध्या पालेभाजीतपण घालतात, आपल्याकडं मीठ घालावं तसं.

गाडीत ढकलगाडी येते, भात, कोंबडीची पेज, उकडलेली अंडी, मक्याची कणसं. अंडी खाणाऱ्यांचं भागतं, न खाणाऱ्यांनी भात आणि कणीस घेऊन बरोबर आपली चटणी. शहरांत मात्र अडचण नाही, बौद्ध लोकांची शाकाहारी खानावळ जवळपास सगळीकडं असते, कोम चाय अशी पाटी. चांद्र महिन्याच्या पहिल्या आणि पंधराव्या तिथीला तिथले बरेच लोक स्वतः शाकाहारी जेवतात, त्या दिवशी तर हातगाड्यांवरपण मिळतं. आबांना हे कळल्यावर पुढच्या पौर्णिमेचा दिवस त्यांनी कॅलेंडरवर बघून ठेवला.

तिसरा टप्पा: दानांग ते न्या चांग, ५२४ किलोमीटर

नऊ-दहा तास. पूर्ण दिवस जातो. आम्ही चार बर्थचा कंपार्टमेंट घेतला, आबा मधनं झोपले, आम्ही बघत बसलो. ज्यू ची, तुय होआ ही स्टेशनं, भात, नारळ, मध्येच मीठागरं, तुय होआच्या पुढं परत डोंगर समुद्रात उतरतात. हा भाग घाईनं नाही बघायचा, पुस्तक घ्या, चहा करा.

चौथा टप्पा: न्या चांग ते सायगाव, ४११ किलोमीटर

आता ज्याच्यासाठी एवढं सगळं लिहिलं.

न्या चांगहून सकाळची गाडी घेऊन दोनेक तासांत थाप चाम स्टेशनला उतरा. तिकीट दोन तुकड्यांत काढायचं, न्या चांग ते थाप चाम सकाळी आणि थाप चाम ते सायगाव दुपारनंतर. गाडी पुढं सरकेल तसं हिरवं कमी होत जातं. भात संपतो, काटेरी झुडपं येतात, दगड येतात, मेंढ्या येतात. व्हिएतनाममधला हा सगळ्यात कमी पावसाचा भाग. बायको म्हणाली, "हे तर जत झालं." आणि खरंच, जत-आटपाडीच्या बाजूला जाताना जमीन जशी बदलते तशीच बदलली.

स्टेशनच्या जवळच टेकडीवर तीन विटांचे बुरूज दिसतात, पो क्लोंग गराई. १३०० च्या आसपासचं मंदिर आहे, चंपाच्या ज्या राजाच्या नावानं ते बांधलं तो राजा पाणी आणि बंधाऱ्यांसाठी लोकांच्या लक्षात राहिलाय. आत शिवलिंग आहे आणि लिंगावर त्या राजाचा चेहरा कोरलाय, आणि चाम लोक अजून तिथं पूजा करतात, वर्षाला काते नावाचा सण भरतो. कोरड्या मुलखात ज्यानं पाणी दिलं त्याला देव केलं, हे आबांना समजावून सांगावं लागलं नाही. ताकारी-म्हैसाळ सिंचन योजनांचं पाणी येण्याच्या आधीची वर्षं त्यांनी काढलीत.

सामान स्टेशनवर ठेवायची सोय आहे का ते उतरल्या उतरल्या विचारा, नाहीतर टॅक्सी अर्ध्या दिवसासाठी ठरवून त्यातच ठेवा, आम्ही तसंच केलं. आणि टॅक्सीवाल्याला सांगितलं, द्राक्षं. कारण फान रांगचा हा भाग म्हणजे व्हिएतनामचं तासगाव आहे.

बाग रस्त्याला लागूनच होती. मांडव डोक्याएवढा, वाकून आत जावं लागतं, वर पानांचं छत आणि खाली लाल द्राक्षांचे घड लटकलेले, कार्डिनल नावाची जात. आबा आत गेले ते पहिल्यांदा घडाकडं गेलेच नाहीत. एक पान धरलं, उलटं केलं, उजेडाकडं धरून मागची बाजू बघितली, डावणी रोग आहे का. मग शेजारचं पान, मग तिसरं. बागवाला लांबनं बघत होता, तो हसत जवळ आला, त्यानंही एक पान उलटं करून पांढरट डाग दाखवला आणि हातानं फवारणीचा पंप मारायची ॲक्शन केली. पुढचा पाऊण तास मोबाईलच्या भाषांतरावर चालला. वर्षात दोनदा माल घेतात, पाणी ठिबकनं, मजूर मिळत नाहीत. आबांनी विचारलं बेदाणा करता का, आणि खिशातनं आपल्या बेदाण्याची पुडी काढली. त्यानं दोन दाणे खाल्ले, आत जाऊन बायकोला बोलवून आणलं.

बागेत जाताना विचारून जा, फळं तोडू नका, आणि शंभरेक हजार डोंगची द्राक्षं विकत घेऊन निघा.

दुपारनंतरची गाडी पकडायची ती यासाठी की बिन्ह थुआनचा भाग अंधार पडल्यावर यावा. तिथं ड्रॅगन फ्रूट. आपल्या जिल्ह्यात कडेगाव तालुक्यातल्या तडसरचं ड्रॅगन फ्रूट २०२१ ला दुबईला गेलं, त्यामुळं हे पीक आपल्याला नवीन नाही, पण एवढं एका जागी मी बघितलं नव्हतं. आणि दिवस लहान असतात त्या महिन्यांत झाडाला रात्र मोठी वाटू नये, बिगर हंगामाची फुलं लागावीत म्हणून शेतात रात्रभर बल्ब लावतात, प्रत्येक खांबाच्या जवळ एक. गाडीतला दिवा बंद करा, काचेला हात लावून बघा. आधी लांब एक पट्टा उजळलेला दिसतो, गाव आहे असं वाटतं, मग जवळ येतो आणि ओळीनं पिवळे दिवे, हजारो, मधी माणूस एक नाही. अर्धा तास तेच. ऑक्टोबर ते मार्च गेलात तर दिसेल, उन्हाळ्यात दिवे लागत नाहीत.

थाप चामहून सायगाव सहाएक तास, म्हणजे पोचायला रात्र होते. त्याची तयारी आधीच करा. हॉटेलला उशिरा येतोय असं मेसेज करून ठेवा, स्टेशन २०२५ पर्यंत ज्याला शहराचा तिसरा जिल्हा म्हणायचे त्या भागात आहे, हॉटेल त्याच्याच आसपास घेतलं तर दहा मिनिटांत पोचता. बाहेर टॅक्सीवाले अंगावर येतात, थेट ग्रॅब लावा आणि गाडीचा नंबर जुळवूनच बसा. बिएन होआ स्टेशन गेलं की आवराआवर सुरू करा, चपला बर्थखाली जातात, चार्जर भिंतीला राहतात. आमचा मग राहिला होता तो डब्याचा अटेंडंट प्लॅटफॉर्मवर पळत येऊन देऊन गेला. आबांनी उरलेली भडंगची पिशवी त्याच्या हातात दिली.